ऐबान डोंगरावरच्या भावाला

सनआ, जिल्काद महिना, हिजरी १३८७

प्रिय भाऊ मुहसिन,

थोरल्या बहिणीचा सलाम. अल्ला तुला सुखरूप ठेवो.

मनुकेवाला सालेह परवा दारात आला. मनुक्यांच्या दरावरून मी त्याच्याशी हुज्जत घालत होते, तर आवाज खाली आणून म्हणाला, "ऐबानपलीकडच्या एका माणसानं विचारलंय, म्हातारा कसा आहे." तू जिवंत आहेस हे मला असं मनुके निवडताना कळलं. मी त्याला म्हटलं, लिहून देते, ते पोचव.

आम्ही बरे आहोत. तुझ्या मेव्हण्याचा, मुतह्हरचा डावा हात गळ्यात बांधलाय, पण बोटं हलतात. शेजारची जहरा होती तशीच तिखट आहे. रमजानात, गादी परत मागणाऱ्या तुमच्या इमामाची तोफ बरोबर सूर्यास्ताला धडधडायची. तेव्हा ती खजूर तोंडात टाकून म्हणायची, "चला, इमामानं रोजा सोडायला परवानगी दिली." तळघरात बसून आम्ही हसायचो. खरं सांग, तुमचाही रोजा तेव्हाच सुटायचा ना? मग तोफेपाशी कोण थांबायचं? खात काय होतात? आमच्याकडे शेवटी ज्वारीची पातळ पेज आणि कॉफीच्या टरफलांचा काढा एवढंच उरलं होतं. वर बर्फ पडायचा का? मला विचारायचं खूप आहे. तुमच्याकडचं कुणी सांगणारं नाही आणि इकडच्यांना विचारायची सोय नाही.

रस्ता उघडला त्या दिवशी मुतह्हर आपल्या शहरातल्या तुकडीबरोबर चढून गेला. कापडाचा दुकानदार तो, बंदूक धरायला वेढ्यातच शिकलेला. समुद्राकडून, हुदैदा बंदरातून आमची फौज धान्याच्या लॉऱ्या घेऊन येत होती, आणि मधली खिंड तुमच्याकडे होती. त्या दिवशी ती सुटली नसती तर शहरानं आणखी किती तग धरला असता, कोण जाणे.

तो सांगतो, सकाळी इतकं धुकं होतं की माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. तुमच्यातला कुणी ओरडला, "भाकरी संपली का रे, शहरवाल्यांनो?" इकडून उत्तर गेलं, "संपली! म्हणून तर तुमच्याकडे जेवायला आलोय." दोन्हीकडचे हसले म्हणे. मग धुकं उठलं आणि गोळ्या सुरू झाल्या. दुपार कलली तरी खिंड सुटेना. यांच्याजवळच्या गोळ्या संपत आल्या होत्या, तेवढ्यात खालच्या वळणावरून लॉऱ्यांचे भोंगे ऐकू आले. तुमची माणसं दोन्ही बाजूंनी अडकली, आणि वरच्या वाटेनं मागं हटली. तू तेव्हा कुठं होतास?

हे विचारतेय, कारण बाबांनाही हेच जाणून घ्यायचं होतं.

पहिली लॉरी शहरात शिरली. सगळे पिठासाठी धावले, आणि बाबा परतणाऱ्या लॉरीवर चढून बसले. खिंडीत जायचं म्हणाले. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं, हे तुला ठाऊक नसेल. मुतह्हर जखमी हात घेऊन त्याच लॉरीतून उतरला होता. तो चिडला. "ते महिनोन्‌महिने आपल्यावर तोफा डागत होते, बाबा," म्हणाला. बाबांनी विचारलं, "त्यांच्या बापांना कुणी विचारलं होतं का?" मग मुतह्हरनंच उजव्या हातानं त्यांना धरून नेलं.

खडकांत पडलेल्या प्रत्येकापाशी बाबा बसले. दिसत नसल्यामुळे चेहरा चाचपायचे. डाव्या भुवईवर बोट फिरवायचे, जिथं लहानपणी जिन्यावरून पडून तुला खोक पडली होती. खोक नसली की डोळे मिटवायचे, दुवा म्हणायचे आणि पुढं सरकायचे. आमचा आणि तुमचा असा फरक त्यांनी केला नाही. हे मला मुतह्हरनं सांगितलं.

घरी आले ते गारठून, पण हसत. "तो तिथं नाही," म्हणाले. नव्या पिठाची अख्खी भाकरी तुपात बुडवून खाल्ली. इतक्या महिन्यांत त्यांना पोटभर खाताना पाहिलं नव्हतं.

डोंगरावरचा गारठा छातीत बसला, भाऊ. डॉक्टर आणला, पण ताप उतरला नाही. दुसऱ्या शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी ते गेले. खुजैमाच्या कबरस्तानात दफन केलं. सालेहला हे तोंडी सांगवलं नाही, आणि इथवर लिहूनही माझा हात टाळतच होता.

तापात ते म्हणाले, "मुहसिन भेटला की विचार, वरून आपली खिडकी दिसायची का?" रागानं नाही. आपल्याला धडे देताना विचारायचे तसंच, उत्तर खरंच ऐकायचं असल्यासारखं. माझ्या मनात मात्र दुसरा प्रश्न होता, कोणती तोफ तुझी होती हा. तो मी आता विचारणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेन.

बकरी ईद जवळ आली आहे. ईदेला धाकट्यांनी वडीलधाऱ्यांच्या घरी यायचं असतं. हे सगळं मी मुतह्हरला वाचून दाखवलं. तो तुझ्याशी बोलणार नाही म्हणतो. पण उठता उठता म्हणाला, "त्याला लिही, चौकीवर अडवलं तर माझं नाव सांग म्हणावं."

आता तुझी वडीलधारी मीच उरले आहे.

अर्वा