गवताचं पाणी

२ एप्रिल

आमचं मैदान पास झालं! स्पर्धेचा परदेशी तपासनीस सकाळभर मैदानावर वाकून बघत होता. टाचेनं गवत दाबलं, चेंडू घरंगळवला, मग पाणी कुठून देता म्हणून विचारलं. त्याला स्टँडखालच्या टाक्यांपाशी नेलं — छतावरून उतरलेलं पावसाचं पाणी, आणि उन्हावर चालणारे पंप. नळाचा थेंबही आम्ही गवताला लावत नाही. फुटबॉल स्पर्धेचे दोन्ही मोठे सामने, पहिला आणि उपांत्य, इथेच. मैदानाची जबाबदारी माझी — हे नुसतं लिहितानाही बरं वाटतंय.

९ एप्रिल

ऊन फार. गवताने तग धरलाय. माझंच डोकं तापलंय.

१४ एप्रिल

पहिला सामना झाला. आपण हरलो, पण टीव्हीवर सारखं गवताचं कौतुक! बाबांनी जन्मभर जुन्या स्टेडियमवर माळीकाम केलं. आज पाहुण्यांच्या जागेवर बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटले, की हिरवळ बघताय ना, ती आमच्या लेकीनं राखलीय. लाजून मेले. आतून मात्र फुगले होते.

१७ एप्रिल

शहराची मोठी जलवाहिनी फुटली. दुरुस्तीला आठवडा लागणार म्हणे. समोरच्याच हॉस्पिटलात ताई नर्स आहे. दुपारी तिचा फोन — टाकी तळाला गेलीय, टँकर पुरत नाहीत, ऑपरेशनं पुढे ढकलताहेत. तिनं काही मागितलं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

आमचं पाणी शुद्ध करून वापरता येईल का, ते हॉस्पिटलच्या इंजिनिअरला विचारलं. येईल म्हणाला. मग आमच्या स्टेडियमच्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी सामन्यांचं वेळापत्रक पुढे ओढलं. आमच्याकडे टाक्यांत आहे तेवढंच पाणी, आणि उपांत्य सामना तोंडावर. शेवटी म्हणाले, "मैदान तू राखलंस. तूच सांग."

"पाइप टाका," म्हटलं.

बाहेर येऊन पाइपांची भेंडोळी मोजायला घेतली.

२१ एप्रिल

मैदानाच्या कडा करपल्या. तिकडे जायचं टाळते. ताई म्हणते, ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली.

२३ एप्रिल

सामना दुसऱ्या शहरात हलवला. व्यवस्थापकांनी विचारलं, पत्रकारांना कारण काय देऊ? म्हटलं, खरं तेच द्या.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढून त्या पिवळ्या गवतावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं चांगलं मैदान मला कधी राखता आलं नाही."