माझ्याच बोलीवर माझी बोली

नेव्हिल,

अखेर घर घेतलं. प्रेस्टनमध्ये, लहानसंच, मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. आठ शनिवार लोकांच्या फाटकांसमोर घरांच्या लिलावात उभी राहून हरले, नवव्या शनिवारी जिंकले.

लिलावात तुझेच नियम पाळले. मागे उभं राहायचं, चेहरा कोरा ठेवायचा, ठरवलेल्या आकड्यापुढे जायचं नाही. समोर एक तरुण जोडपं होतं. मी शेवटची बोली लावली, तशी त्या मुलीने नवऱ्याचा हात दाबला आणि दोघं गप्प झाली. लिलाववाला ओरडला, "एक वार! दोन वार!" आणि थांबला. ती शांतता मला सोसेना. तोंडातून निघूनच गेलं, "आणखी पाच हजार!"

अख्खी गल्ली हसली. लिलाववाला म्हणाला, "अहो बाई, बोली तुमचीच होती की! स्वतःशीच काय भांडताय?" आणि त्या भल्या माणसाने आधीच्याच आकड्यावर कागदांची गुंडाळी तळहातावर आपटली.

मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र रडू आवरेना. तू जेवताना नुसता गप्प बसायचास. मी आधी नोकरी सोडली, मग गाणं, मग आईकडे जाणंही. तू यातलं काहीएक मागितलं नव्हतंस. आपल्या संसाराची सव्वीस वर्षं मी एकटीच बोली चढवत राहिले, आणि मला थांबवणारं तिथे कुणी नव्हतं.

हे पत्र टाकणार नाही. या वेळी गप्प राहून बघते.

लॉरेन