अर्ध्या तोंडाचं कीटण

गुरुवार, पौष महिना, २००२. संध्याकाळ.

आज उजवीकडच्या दोन दाढा काढल्या. जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांमागं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आजी, हिरड्या सुजल्यात. गोळीनं सूज उतरेल, पण दातांवर बसलेलं कीटण काढावंच लागेल. दोन्ही पाहिजे." डावी बाजू तेव्हाच साफ केली, उजवीसाठी परत बोलावलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर डाव्या दातांत फटी! मला वाटलं, बाईनं दातच खरवडले. त्यात सूज उतरलेली, मग कशाला जायचं? दुखलं की मेडिकलमधून तीच गोळी आणायची, वर मशेरी चोळायची. गोळ्यांनी पोटात आग पडायची, तरी सुनेला बोलले नाय.

आज बाईंना त्या फटींचं विचारलं. म्हणाल्या, "अहो आजी, तिथं कीटणच भरलं होतं. ते निघालं, फट दिसली." म्हणजे इतकी वर्षं मी घाणीला दात समजत होते?

रिक्षात सून म्हणाली, "आत्या, आम्ही घासलेल्या भांड्यांना नावं ठेवता, आणि स्वतःच्या तोंडात एवढं?" एरवी तिला सोडली नसती. आज गालात कापूस होता.

परत जीभ तिथंच गेली. म्हातारपणानं दाढा गेल्या म्हणावं, तर डावीकडच्याही तेवढ्याच म्हाताऱ्या. त्या मात्र घट्ट हायेत.