दोन थोरल्या

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिलं की आईने टीव्ही बंद केला. चूक! टीव्ही मी बंद केला.

लिहिलेलं खोडायचं नाही, खाली खरं लिहायचं – ही घरची शिकवण. शाळेत घालण्याआधी थोरलीनेच मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसवून अक्षरं शिकवली. तेव्हा सगळे तिला दादा म्हणत.

तर खरं असं. मालिकेतली थोरली बापाच्या दारात उभी होती. तीही मुलगा म्हणून वाढलेली, आता बाई म्हणून परत आलेली. बाप दार उघडेना. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "उघड की रे मेल्या! केवढं गुणाचं लेकरू ते!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिमोट हातात होता.

"लाईट गेली का गं?" आईने विचारलं.

"हो."

डोक्यावर दिवा लखलखीत जळत होता!

११ फेब्रुवारी, बुधवार

मालिकेबद्दल लोक आमच्या चॅनेलच्या नंबरवर बोलून ठेवतात. ते ऐकायचं, आवडलं म्हणणारे हिरव्यात आणि चिडलेले लालात टाकायचे – हे माझं काम. त्यावरून वरचे लोक ठरवणार, थोरली घरात जाणार की गाव सोडून.

आजचे काही –

"घरात लेकरंबाळं आहेत आमच्या, हे काय दाखवता?"

"अहो, तिचे कानातले कुठे मिळतील?"

एक आजोबा – "पहिल्या दिवशी मी शिव्या घालून चॅनेल बदललं होतं. आता तिची वेळ झाली की जेवण अडतं. त्या बापाने दार उघडलं नाही ना, तर मी येऊन उघडीन!"

आजोबांना लालात टाकलं. मुद्दाम.

चहा प्यायला उठले. चहा जाईना. परत येऊन हिरव्यात टाकलं.

जळायला मला मिळाली कोण – तर जी मुळात अस्तित्वातच नाही ती!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून थोरलीकडे गेले. आमच्या थोरलीकडे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. मी तिकडे जाते हे आईला माहीत आहे. ती विचारत नाही, मी सांगत नाही.

"काय गं चिमणे, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"ती मालिका बघतेस?"

"बघते की! पडद्यावर माझ्यासारखी आली की गिऱ्हाईक रुमाल काढतं. काउंटरवर मी आले की विचारतं – मालक कुठे आहेत?"

स्वतःच खो खो हसली. मग काच उजेडाला धरून, माझ्याकडे न बघता – "आई बघते?"

"बघते. रडते."

"कुणासाठी?"

"त्या मालिकेतलीसाठी."

काच पुसत राहिली. स्वच्छ होती तरी.

मी खोटं बोलले का? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पण जरा चवीने सांगितलं. तेही लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी, रविवार

आता आडून आडून नको. थोरली बॅग घेऊन निघाली तेव्हा आई म्हणाली होती, "मला मुलगी एकच." थोरली जिना उतरून गेली. मी कठड्याशी उभी. आणि मला बरं वाटलं! एकच – म्हणजे मी.

त्याआधी घरात सगळं तिचंच. हुशारी तिची, नकला तिच्या, आईचं पोट धरून हसणं तिच्यासाठी. वाटलं, आता तरी आई माझ्या वाट्याला येईल.

कुठली! मालिकेतली आली आणि उरलीसुरलीही घेऊन गेली. एका थोरलीने हसणं नेलं, दुसरीने रडणं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

माझा डबा आजही अर्धा परत. आईने घासून पालथा घातला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज निरोप ऐकताना – आई!

निरोप ऐकायला मी एकटीच असते. आईला ते पक्कं माहीत आहे. एका घरात राहतो आम्ही, पण बोलली ती इथे.

पुन्हा पुन्हा ऐकलं. जसंच्या तसं लिहिते.

"हॅलो… बोलू का? नुसतंच टुंग वाजलं. हां. त्या पोरीला घरात घ्या म्हणावं. बापाला सांगा, एकदा तोंडातून गेलं म्हणून असं ताठून बसू नये. कडी आतूनच असते, दुसरं कोण काढणार? मीही मागे म्हणाले होते, मला मुलगी एकच. चुकले. दोन आहेत. थोरलीला सांगायला तोंड नाही मला… आणि हे जी ऐकतेय, तिने आधी डबा संपवावा. रोज अर्धा परत येतो. मला काय दिसत नाही?"

हिरव्यात टाकलं. मग डबा उघडला. गार झाला होता. सगळा खाल्ला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रविवारी, बावीस तारखेला, चष्म्याचं दुकान बंद असतं. थोरलीला घेऊन येणार. किल्ली माझ्याकडे आहे, तरी दार वाजवणार. कडी आईनेच काढायची.

आई आधी तिच्याकडे बघेल. बघू दे.