आईने उचललेली चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

आज वर्गात समान संभाव्यता शिकवली. फासा टाकला की प्रत्येक अंकाला सारखीच संधी, वगैरे. बोलत होते, पण डोक्यात रविवारचं मोडनिंबचं घर होतं. वडील गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं? दोघे भाऊ गप्प. मीही गप्पच. शेवटी मीच म्हणाले, चिठ्ठ्या टाकू, कुणावर अन्याय नको. प्रत्येकाने आपलं नाव लिहून घडी घातली. आईलाच उचलायला सांगितलं. तिची बोटं वाटीत बराच वेळ फिरली. माझं नाव निघालं. भावांचे चेहरे सैल झालेले दिसले. मला काय वाटलं? काहीच नाही. तिघांना सारखी संधी होती, माझ्यावर आली, इतकंच.

आज इथे घरी मेथी निवडताना आईला म्हणाले, "कुणाचीही निघाली असती गं."

"न्हाय. तुजी हाताला कळली की. ल्हानपणापास्नं तू कागद लई बारीक दुमडतीस. हुडकून काढली मी."

म्हणून बोटं इतका वेळ फिरत होती. म्हणजे संधी सारखी नव्हतीच. त्यासाठी चिठ्ठ्याही सारख्याच लागतात.

"पण आई, मी तर माझ्याकडे चल म्हटलंच नव्हतं."

"व्हय. ठावं हाय मला."

एवढं बोलून ती मेथी निवडत राहिली. रडू यायला हवं होतं बहुतेक. आलं नाही. उठून तिची खाट खिडकीकडे सरकवली, तिथे वारा लागतो.