मामांची नोंद फर्निचरमध्ये कशी झाली

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; ऑफिसात दोन टेबलांच्या मध्ये आडवं पडायला जागा नाही). तुमची पाठ कशी आहे? मामीचे गुडघे काय म्हणतात? आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होतो.

मी नोकरीत नेमकं करतो काय, असं तुम्ही नेहमी विचारता. आमच्याकडे एक कम्प्युटर आहे. तो दिवसभर इंटरनेट वाचतो आणि आपला आपण शहाणा होतो. (दिवसभर तुम्हीही तेच करता, पण तुम्हाला वीज कमी लागते.) दोन ठिकाणची वर्णनं जुळली, की तो ठरवतो, वस्तू एकच. मी समोर बसून 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे याच महिन्यात ठरणार, म्हणून मी फार जपून दाबतो.

तर तुम्ही जुना सोफा विकायची जाहिरात टाकली होती ना, 'तीस वर्षं हॉलमध्ये एकाच जागी, मधून थोडा खचलाय पण दणकट, हलवायला दोन माणसं लागतील' अशी? त्याच सुमारास लग्नाच्या वाढदिवसाला मामीने इंटरनेटवर तुमच्याविषयी कौतुकाने चार ओळी लिहिल्या. मामा, शब्दन् शब्द जुळला. तुम्ही सोफा आहात, हे कम्प्युटर संध्याकाळच्या आत शिकला.

मी लगेच 'चूक' दाबलं. साहेब धावत आले. "यंत्राने दोन ठिकाणी वाचलंय, तुम्ही कुठे वाचलंत?" मला म्हणाले. मी काय सांगणार? तुम्ही माणूस आहात असं कुणी कुठे लिहूनच ठेवलेलं नाही (आपल्याकडे ते धरूनच चालतात). मग मीच गुपचूप तीन ठिकाणी लिहून आलो, की माझे मामा माणूस आहेत. वाटलं, सुटलो. कम्प्युटरने तेही वाचलं आणि नवीनच ज्ञान बाहेर काढलं: मामा सोफा आहेत, मामा माणूसही आहेत, त्या अर्थी माणूस हा फर्निचरचा एक प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खी मनुष्यजात फर्निचरमध्ये जमा झाली. आई सोफ्याची बहीण म्हणून आरामखुर्ची ठरली (तिला अजून सांगितलेलं नाही; तिने उभ्या आयुष्यात आराम केलेला नाही) आणि मी तिचा मुलगा म्हणून स्टूल. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आजवर कुठल्याच यंत्राला सुचलं नव्हतं म्हणे. मला मात्र तुमच्यासाठी फार वाईट वाटलं, मामा. लहानपणी मी तुमच्याच मांडीवर बसून वाढलो. (हे कम्प्युटरला कळू देऊ नका.)

मामीला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचाच,
भाचा

ता. क. मी शेवटी 'बरोबर' दाबलं. मला कायम केल्याचं पत्र साहेबांनी सही करून खणात ठेवलंय. फक्त यंत्र विकत घेणारी मंडळी रविवारी पुरावा बघायला तुमच्या घरी येतायत. तेवढा अर्धा तास हॉलमध्ये हलू नका, बोलू नका, आणि कुणी वर बसलंच तर सांभाळून घ्या.

आणखी एक ता. क. मामीला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडेल, अशी भीती होती. तिने एवढंच विचारलं, "नुसतं बघून जाणार आहेत, की घेऊनच जाणार आहेत?"