चालू मशीन

बाबा, हे मराठीत लिहितोय. शाळा हिंदीतली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. तुम्ही असतात तर आधी चुकांना गोल केले असते आणि मग मजकूर वाचला असता. दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही. समोर कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस मोबाईलच्या फाइलमधून डीव्हीडीवर जाण्यासाठी बदलतोय आणि माझा चहा संपायच्या आत तो बदलून होईल. तेव्हा हे काम इतक्या लवकर होत असतं तर आपलं बिनसलंच नसतं, असं मी किती वर्षं समजत होतो.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि देवासच्या बस स्टँडजवळ व्हिडिओच्या दुकानात लागलो, तेव्हा तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही, की कॅसेटी पुसायला पोरगा बी.एस्सी. सोडून आला. मी आतल्या खोलीत होतो. जळगावहून इथं कारखान्यात आलात, लेथवर हात काळे केलेत, ते मुलानं असलं काही करावं म्हणून नव्हे, हेही ऐकलं. त्या कामात माझं डोकं चालत होतं हे तुम्हाला कुणी सांगायचं? लोकांच्या लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटना बुरशी लागलेली असायची. ती पुसायची, कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, त्या अवाढव्य फाइलचं रूप बदलून सीडीवर मावेल आणि घरच्या प्लेअरवर चालेल असं करायचं. आजची गंमत नव्हती ती. सकाळी लावलं तर संध्याकाळ व्हायची. आणि मधे कॉम्प्युटर बंद पडला तर झालेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून.

तिच्याबद्दल तुम्हाला आईकडून कळलंच होतं. ती धारची, मामाकडे राहून देवासला शिकत होती, माझ्या मागच्या वर्गात. त्यांचं घराणं जुनं, संस्थानच्या काळात दरबारी नोकरीत असलेलं. घरात अजून "आपण बसावं, आपण घ्यावं" अशी भाषा. एक दिवस ती दुकानात एक कॅसेट घेऊन आली. तिच्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. आजोबा नंतर गेले, आता वर्षश्राद्ध होतं. पुण्याहून, ग्वाल्हेरहून सगळे येणार, जेवणं झाली की त्याच दुपारी परतणार. घरचा व्हीसीआर मेलेला. निघण्याआधी सगळ्यांना आजोबा हलता-बोलताना दिसावेत, अशी तिच्या वडिलांची इच्छा. ती म्हणाली, "माझ्या बाबांना दाखव तुला काय येतं ते." एवढंच म्हणाली. मी त्या वाक्यावर पूर्ण मांडव उभा केला. मुलगी बघायला जातात तसा मी स्वतःला दाखवायला निघालो होतो.

दुकानात लग्नसराईची कामं अडकलेली. मालक म्हणाले, "भिया, ये घर पे लगा ले, यहाँ तो सीजन चल रिया है." म्हणून कॅसेट उतरवलेली दुकानातली हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून मी घरी आणली, कॉलेजसाठी घेतलेल्या आपल्या कॉम्प्युटरला जोडली. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी काम लावलं. उन्हाळा होता. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. दुपारपर्यंत निम्म्याच्या वर गेलं. मी चांगल्या कोऱ्या सीडी आणायला बाहेर पडलो. आई शेजारी पापडांना गेलेली.

आणि तुम्ही पहिल्या पाळीवरून येता. अजून दिसतं मला, मी घरात नसूनही दिसतं. निळा शर्ट, हातात डबा. खोलीत पंखा घरघरतोय, कॉम्प्युटरचा डबा उघडा, आतल्या वायरी बाहेर, पडदा काळा, खुर्ची रिकामी. तुमच्या खात्यात मशीन चालू ठेवून पाणी प्यायला गेलेल्या एका माणसामुळे दुसऱ्याची बोटं गेली होती, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. चालू मशीन सोडून माणूस हलत नाही. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत, पंखा बंद केलात, झाकण जागेवर बसवलंत आणि हातपाय धुवायला गेलात.

मी आलो तर तुम्ही चहा पीत होतात. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुमचं एकच. "मशीनवर कोणी नव्हतं." मी म्हणालो, ही तुमची लेथ नाही, हे मशीन माणसाशिवायच चालतं. तुम्ही म्हणालात, "माणसाशिवाय चालतं तर मग तुझी काय गरज?" आई दारात उभी राहून हळू बोला म्हणत होती. शेजारचे ऐकत होते, ऐकू देत.

पुन्हा लावलं, रात्री वीज गेली ती पहाटे आली. पुन्हा लावलं. कमी सुबक निघेल पण लवकर होईल असं करून दुपारी सीडी हातात आली. इंदूरला बस बदलून धारला पोचलो तेव्हा त्यांच्या अंगणात पत्रावळी गोळा करत होते. पाहुणे गेले होते. तिचे वडील दारात आले, सीडी घेतली, म्हणाले, "आपण फार तसदी घेतलीत." आत या म्हणाले नाहीत. ती मागे उभी होती, तिनं मान खाली घातली. मी ती मान माझ्यासाठी खाली गेली असं धरून परत आलो. पुढच्या मार्गशीर्षात तिचं पुण्याला लग्न झालं.

त्यानंतर आपण एका घरात राहिलो, बोललो नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही माझ्या खोलीतला दिवासुद्धा बंद करण्याआधी विचारायला लागलात. "हे बंद करू का?" दरवेळी. त्याचाही मला संतापच यायचा. जेवताना मी आईला ऐकवायचो, यांच्यामुळे. तुम्ही ताटावरून वर बघत नव्हतात. मग एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना तुम्ही रस्त्याच्या कडेला खाली बसलात आणि उठला नाहीत.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दुकान आता माझं आहे, नंबर तिला मामांनी दिला. माहेरी आली होती, आजोबांची ती सीडी घासली गेली, दुसरी मिळेल का विचारत होती. मी म्हटलं, मिळेल. मग बोलता बोलता म्हणाली, "काका आमच्याकडे आले होते ना तेव्हा. तुला माहीत नाही?"

श्राद्धानंतरच्या रविवारी तुम्ही धारला गेला होतात. बसा म्हटलं तर बसला नाहीत. तिच्या वडिलांना म्हणालात, "पोराची चूक नाही. मशीन मी बंद केलं. त्याला कामचुकार समजू नका." ते म्हणाले, त्यात काय एवढं, आणि सहज बोलल्यासारखं, मुलीचं तर गेल्या दिवाळीतच ठरलंय. तुम्ही फाटकापाशी तिला विचारलंत, "बाळ, तुझ्या मर्जीनं ना?" ती हो म्हणाली. तुम्ही म्हणालात, "मग त्याला तू सांगू नकोस. मी सांगतो."

दिवाळीतच. कॅसेट तिनं उन्हाळ्यात आणली. मी विचारलं, मग मला का दिलीस? ती म्हणाली, "अरे, सीडी करून हवी होती. तू करत होतास." तिला खरंच नवल वाटलं माझ्या प्रश्नाचं.

तुम्ही सांगितलं नाहीत. घरी आलात, डबा घासलात, पाळीवर गेलात, माझी बोलणी खात राहिलात. हे सोसायला कोणी सांगितलं होतं? तिनं मला मोजलंच नव्हतं हे मी तेव्हाच ऐकलं असतं, चार दिवस भिंतीवर डोकं आपटलं असतं, उठलो असतो. तुम्ही सगळं स्वतःवर ओढून घेतलंत आणि मग बस स्टॉपवर बसून घेतलंत. आता मी कुणाशी भांडू? पाठवायलाही पत्ता नाही, म्हणून कागद असाच राहील.

एक मात्र आहे, तुम्हाला आवडणार नाही. हे सगळं ऐकल्यावर मला तिचा राग यायला हवा होता. आला तो तुमचाच. आणि तिची नवी सीडी मी त्याच दिवशी करून ठेवली, दुसऱ्यांची कामं बाजूला सारून.